नॅव्ह १.८, सुझेट्रिजिन आणि दुखण्याचं ‘बटण’

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने सुझेट्रिजिन या औषधाला मान्यता दिली. व्हर्टेक्स कंपनीचं औषध, बाजारातलं नाव जर्नाव्हिक्स. अफूच्या जातीचं नसलेलं, म्हणजे व्यसन लावण्याची भीती नसलेलं नव्या प्रकारचं वेदनाशामक. त्यानंतर बातम्यांमध्ये ‘वेदनेचं बटण सापडलं’ छापाचे मथळे झळकले. माझं पीएचडीचं काम याच चॅनल्सवर असल्यामुळे ते सगळे मथळे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत माझ्याकडे आले. त्यात एका काकूंचाही मेसेज होता. त्यांना कित्येक वर्षं सायटिका आहे. ‘हे आपल्याकडे कधी मिळेल गं?’ एवढंच विचारलं होतं.

औषधामागचं विज्ञान पक्कं आहे, हे आधीच सांगते. माझी तक्रार त्याभोवती रचलेल्या गोष्टीबद्दल आहे, आणि ती गोष्ट फक्त पत्रकारांनी रचलेली नाही. आम्हा संशोधकांच्या पेपरांच्या पहिल्या परिच्छेदातही ती असते.

आधी थोडी यंत्रणा. दुखणं टिपणाऱ्या चेतापेशींची पेशीकाया मणक्याला लागून असलेल्या छोट्या गाठींमध्ये असते. तिथून एक तंतू त्वचेपर्यंत किंवा सांध्यापर्यंत जातो आणि दुसरं टोक मज्जारज्जूत शिरतं. संदेश म्हणजे या तंतूवरून पळणारी विजेची लाट, आणि ती लाट उठते सोडियम आत सोडणाऱ्या चॅनल्समुळे. आपल्या शरीरात या चॅनल्सचे नऊ प्रकार आहेत. त्यातला नॅव्ह १.७ छोटीशी चाहूल मोठी करून पेशीला उंबरठ्यापर्यंत आणतो. उंबरठा ओलांडला की लाटेचा मोठा हिस्सा नॅव्ह १.८ उभा करतो. शिवाय इतर चॅनल्स थकून बंद पडतात अशा अवस्थेतही तो चालू राहतो, त्यामुळे पेशी पुन्हापुन्हा संदेश सोडू शकते. तो मेंदूत आणि हृदयात फारसा नसतो, म्हणून औषधासाठी सोयीचा.

बटणाची गोष्ट सुरू झाली ती मात्र नॅव्ह १.७ पासून. २००६ साली ‘नेचर’मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांवरचा पेपर आला. या अभ्यासाची सुरुवात ज्या मुलामुळे झाली तो रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला दुखायचंच नाही. चौदा वर्षांचा होण्याआधीच घराच्या छतावरून उडी मारून तो गेला. कुटुंबांमधल्या अशा व्यक्तींमध्ये नॅव्ह १.७ चं जनुक निकामी होतं. त्याच्या दोन वर्षं आधी उलटी बाजूही सापडली होती. याच जनुकातल्या वेगळ्या बदलामुळे एरिथ्रोमेलाल्जिया होतो, म्हणजे हातापायांची असह्य आग. चॅनल जास्त चालला की आग, बंद पडला की काहीच नाही. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो. औषध कंपन्या धावल्या यात नवल नाही.

आणि तिथेच तर्क घसरला. फायझरने नॅव्ह १.७ नेमका अडवणारा रेणू बनवला आणि डायबेटिसमुळे पायांच्या नसा दुखणाऱ्या रुग्णांवर वापरून पाहिला. २०१८ मध्ये निकाल छापून आला: प्लासिबोपेक्षा ठळक फरक नाही. त्याच चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या जुन्या प्रीगॅबालिनने मात्र फरक दाखवला. म्हणजे चाचणी भोंगळ होती असंही म्हणता येत नाही.

का झालं असेल असं? इथे मला जॉन वूड यांच्या लंडनच्या गटाचं काम सगळ्यात पटतं. २०१५ साली त्यांनी दाखवलं की नॅव्ह १.७ नसलेल्या उंदरांमध्ये शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं जास्त बनतात. अफूचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं तर या उंदरांना बऱ्यापैकी दुखू लागतं. जन्मापासून वेदना न जाणवणाऱ्या एका बाईंनाही नॅलॉक्सोन दिल्यावर दुखणं जाणवलं. मग २०२१ चा पेपर आणखी पुढे गेला. नॅव्ह १.७ नसला तरी त्वचेकडच्या टोकाला चेतापेशी बऱ्याच अंशी नेहमीसारख्या पेटतात. संदेश अडतो तो मज्जारज्जूतल्या टोकाला, पुढच्या पेशीकडे रसायन सोडलंच जात नाही म्हणून. या लोकांना वासही येत नाही, हे २०११ पासून माहीत होतं, आणि कारण त्याच जातीचं आहे. वास टिपणारी पेशी जागी होते, पण मेंदूकडच्या टोकाला निरोप देत नाही.

आता फायझरच्या रेणूकडे पाहा. तो मुद्दाम असा घडवला होता की मेंदू-मज्जारज्जूत फारसा जाऊ नये. दुष्परिणाम टाळायला हे शहाणपणाचंच. पण गाठ जर मज्जारज्जूच्या आत असेल तर बाहेर कितीही राखण करून काय होणार? शिवाय एखादा चॅनल जन्मापासून नसणं आणि पन्नाशीत दिवसातून दोन गोळ्यांनी तो थोडाफार दाबणं, या दोन घटना एकच आहेत असं २००६ च्या पेपरने कुठेही सिद्ध केलं नव्हतं. ते आपण गृहीत धरलं.

नॅव्ह १.८ ची कहाणी याहून बरी आहे. सुझेट्रिजिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, प्रत्येकी हजाराहून जास्त माणसांवर. एक पोटाची जादा त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, दुसरी पायाच्या अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड काढल्यानंतर. ४८ तासांत प्लासिबोपेक्षा वेदना स्पष्ट कमी झाली. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, पण व्यसनाची टांगती तलवार नाही हा फायदा लहान नव्हे. मान्यता मिळाली ती याच पुराव्यावर, म्हणजे मध्यम ते तीव्र अशा ताज्या दुखण्यासाठी.

जुन्या दुखण्याचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये, मान्यतेच्या महिनाभर आधी, कंपनीने सायटिकासारख्या कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरचा दुसऱ्या टप्प्याचा निकाल जाहीर केला. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर बारा आठवड्यांत सुझेट्रिजिनने दुखणं २.०२ अंकांनी उतरलं. प्लासिबोने १.९८. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि मग बटणाचा मथळा पुन्हा वाचा.

कंपनीने नंतर ज्या केंद्रांवर प्लासिबोचा परिणाम कमी दिसला ती केंद्रं वेगळी काढून दाखवली, आणि तिथे फरक दिसतो म्हणून सांगितलं. अहो, प्लासिबो जिथे कमी चालला तीच केंद्रं निवडलीत तर औषध आणि प्लासिबोत अंतर दिसणारच! नव्या चाचणीची आखणी कशी करावी हे ठरवायला असं विश्लेषण उपयोगी आहे. औषध चालतं याचा पुरावा म्हणून नाही. त्याआधी २०२३ मध्ये डायबेटिसच्या रुग्णांवरचा निकाल ‘उत्साहवर्धक’ म्हणून आला होता. त्या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता, तुलनेला प्रीगॅबालिन होतं. नुसती साखरेची गोळी दोन अंक उतरवू शकते हे कळल्यावर तो आलेख मी तरी वेगळ्या नजरेने पाहते.

इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात: जुनं दुखणं म्हणजे सगळं मज्जारज्जूत आणि मेंदूत, नसेला काही देऊन उपयोग नाही. या म्हणण्याला आधार आहे. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्येच दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो. सतत संदेश आले की एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडात अडकलेला मॅग्नेशियमचा बूच निघतो, कॅल्शियम आत येतं आणि पुढच्या वेळी त्याच स्पर्शाला पेशी जास्त ओरडते. नसेला इजा झालेल्या उंदरांमध्ये क्लोराइड बाहेर टाकणारा पंपही मंदावतो. मग गाबा या शांत करणाऱ्या द्रव्याचा ब्रेक नीट लागत नाही.

पण या टोकाच्या मंडळींनी २०१४ चा एक छोटा अभ्यास वाचावा. नसांच्या विकाराने दुखणाऱ्या चौदा रुग्णांच्या नसेभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, दाताच्या डॉक्टरकडे देतात तेच औषध. नस बधिर आहे तोवर आपोआप होणारं दुखणं थांबलं. म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुखण्यालाही बाहेरून इंधन लागत होतं. लिडोकेन मात्र सगळेच सोडियम चॅनल अडवतं. इजा झालेल्या नसेत चॅनल्सची मांडणीच बदलते: उंदरांमध्ये तुटलेल्या पेशींत नॅव्ह १.८ कमी होतो आणि गर्भावस्थेनंतर गायब झालेला नॅव्ह १.३ परत उगवतो. मग एकाच चॅनलला नेमकं टिपणारं औषध ताज्या जखमेत चालावं आणि जुन्या नसेत पांगळं पडावं, यात मला विसंगती दिसत नाही. नेमकेपणा हा इथे गुण आणि अडचण दोन्ही आहे.

एक गोष्ट राहिली, आमच्या प्रयोगशाळेतली. उंदराला दुखतंय की नाही हे आपण बहुतेक वेळा त्याच्या पंजाला बारीक तार टोचून, तो पाय कधी उचलतो यावरून ठरवतो. मराठीत ठणका, कळ, चमक, आग, शिणक, मुंग्या असे वेगळे शब्द आहेत आणि माझ्या आजीला त्यातला प्रत्येक वेगळा कळायचा. पाय उचलणं म्हणजे फार तर कळ. रात्री झोपू न देणारा, कोणी हात न लावता येणारा ठणका त्या तारेने मोजता येत नाही, आणि सायटिकाचे रुग्ण तक्रार करतात ती त्याचीच.

काकूंना मी लिहिलं की हे औषध अजून तरी शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी आहे, तुमच्यासारख्या दुखण्यावर प्लासिबोच्या पुढे गेलेलं नाही. अमेरिकेत एका गोळीची जाहीर किंमत साडेपंधरा डॉलर आहे, तेव्हा कोणाकडून मागवून घ्यायच्या फंदात पडू नका. चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. डायबेटिसच्या दुखण्यावरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू आहे आणि तिच्यात प्लासिबोचा गट आहे. निकाल आला की मथळा सोडून मी आधी तो आकडा बघणार आहे.