थोरांस आलेलीं पत्रें

टॉल्स्टॉयच्या समग्र वाङ्मयाची रशियन आवृत्ति १९२८ ते १९५८ या काळांत ९० खंडांत निघाली. संपादकांचे श्रम वंदनीय आहेत. तथापि तींतील पत्रखंड जावक पत्रांचे आहेत; चाहत्यांच्या आवक पत्रांस मुख्यत्वें टीपांतच जागा मिळाली आहे. ही मांडणी आम्हांस एकांगी वाटते. प्रश्नावांचून उत्तराचा अर्थ पुरता लागत नाहीं.

१ ऑक्टोबर १९०९ रोजीं मोहनदास गांधी यांनीं लंडनहून टॉल्स्टॉयला पहिलें पत्र लिहिलें. त्यांत ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचा लढा निवेदिला आहे. शिवाय ‘एका हिंदूस पत्र’ या लेखाची प्रत हातीं आली असून, तो लेख खरोखर टॉल्स्टॉयचाच काय, व त्याच्या २०,००० प्रती छापण्यास अनुमति आहे काय, अशी पृच्छा केली आहे. अस्सल-नक्कल पारखण्याची ही दक्षता संशोधकासही शोभेल. टॉल्स्टॉयनें उत्तर दिलें. हें पत्र आज गांधींच्या समग्र वाङ्मयांत सांपडतें, तें लेखक पुढें महात्मा झाला म्हणून. ज्यांस कीर्ति लाभली नाहीं, त्यांची साक्ष कोणत्या खंडांत शोधावी?

ज्या पत्रास उत्तर द्यावयाचें नसे, त्याच्या लिफाफ्यावर टॉल्स्टॉय ‘उत्तर नाहीं’ अशा अर्थाचीं दोन आद्याक्षरें लिहीत. हा शेराही इतिहासच होय. जावक पत्रांत तो उमटणें शक्य नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, संग्राहकांनीं आवक पत्र लिफाफ्यासह व शेऱ्यासह जतन करावें, आणि संपादकांनीं तें उत्तराशेजारीं छापावें.