पंडिता रमाबाईंच्या लेखनातील धर्मश्रद्धा व राज्यसत्ता : एक चिकित्सा

धर्मसंस्था आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाचा प्रश्न मराठवाड्यातील वाचकाला परका नाही. परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र घेतले, तरी 1948 पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात धार्मिक बाबींसाठी स्वतंत्र सरकारी खाते होते व नवे देऊळ, मिरवणूक यांसाठी परवानगीची अट असे. आर्य समाजाचा 1938-39 चा सत्याग्रह अशाच निर्बंधांविरुद्ध झाला. मात्र राज्यकर्त्याचा धर्म आणि प्रजेचा धर्म भिन्न असणे ही या प्रश्नाची एक बाजू झाली. राज्यकर्ता व श्रद्धावान यांचा धर्म एकच असेल, तर श्रद्धेने सत्तेशी कसे वागावे? हा प्रश्न मराठीत ज्यांच्या वाट्याला आला, त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान आगळे आहे.

रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वीकारलेला धर्म हाच हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्यांचा धर्म होता. इंग्लंडची राणी तेथील चर्चची प्रमुख होती आणि बिशपांच्या नेमणुका राजसत्तेच्या संमतीने होत. रमाबाईंना या व्यवस्थेचा अनुभव लवकरच आला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे घेण्यास स्पष्ट नकार दिलेला दिसतो. या पत्रांकडे बहुधा ईश्वरविषयक मतभेदाचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. तसे ते आहेतच. परंतु राजमान्य धर्मसंस्थेपुढे व्यक्तीच्या सदसद्विवेकाचा अधिकार किती, हा त्यांतील वाद तेवढाच मूलगामी आहे.

या पार्श्वभूमीवर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (1889) हा ग्रंथ वाचावयास हवा. त्यात राज्यव्यवस्था आणि धर्मपंथ यांना स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत. जेथे कोणताही धर्म सरकारी नाही व प्रत्येक पंथ आपल्या अनुयायांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो, असा देश रमाबाई मराठी वाचकांपुढे ठेवतात. त्यांच्या दृष्टीने राजाश्रय नसल्याने धर्म दुर्बळ होत नाही. उलट लोकांनी तो स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवल्यामुळे लोकोपयोगी कामाला बळ येते. अमेरिकेतील वर्णद्वेषावरही त्या टीका करतात, त्यामुळे हे चित्र भाबडे म्हणता येत नाही. तथापि ते काहीसे उजळ आहे. संघराज्याने अधिकृत धर्म स्थापू नये, हे बंधन 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातले. पण ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टनमध्ये 1887 साली रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तेथे चर्चसाठी कर घेण्याची पद्धत 1833 पर्यंत टिकून होती. स्वातंत्र्याची ही रीत तेथेही जुनी नव्हती.

अधिक महत्त्वाची बाब अशी की, रमाबाईंना अभिप्रेत असलेली फारकत चर्च आणि शासन यांच्यातील आहे. श्रद्धा आणि राजकारण यांच्यातील नव्हे. ज्या वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनचे त्यांनी मनापासून कौतुक केले, ती संघटना दारूबंदीचे कायदे व्हावेत म्हणून सरकारवर दबाव आणीत होती. शासनाने चर्चला पोसू नये, मात्र श्रद्धावान स्त्रियांनी शासनाला जाब विचारावा, अशी ही भूमिका आहे.

हा जाब रमाबाईंनी इंग्रज सरकारलाही विचारला. मार्च 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा अथवा तुरुंगवास पत्करण्याचा पर्याय दिला. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (1887) या ग्रंथात रमाबाईंनी त्यावर केलेले भाष्य उपरोधाने धारदार झाले आहे. सरकारला दोष तरी कसा द्यावा, ते हिंदुस्थानातील पुरुषांशी केलेला करार पाळत आहे, असा त्याचा आशय आहे. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. पतीने पत्नीचा ताबा न्यायालयाकरवी मागण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. त्याचे मूळ इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत होते. म्हणजे चर्चचा जुना नियम मुलकी न्यायालयाच्या वाटेने हिंदुस्थानात आला आणि रूढीप्रिय पुरुषांच्या हातचे शस्त्र बनला. त्याविरुद्ध उभी राहिलेली विदुषी मात्र ख्रिस्ती होती.

1897 च्या प्लेगकाळात हीच वृत्ती पुन्हा दिसते. पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेत स्त्रियांची हेळसांड होते, असे पत्र त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध केले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन राज्यकर्त्यांच्या आज्ञापालनाचा उपदेश नेहमी केला जातो. रमाबाईंनी तो अध्याय अमान्य केला नाही. पण राज्यकर्त्यांच्या चुकांवर पांघरूण घालण्यासाठी तो वापरलाही नाही. धर्मांतर म्हणजे राजनिष्ठा, हे तत्कालीन टीकाकारांचे समीकरण येथे टिकत नाही.

परंतु या भूमिकेची खरी कसोटी सरकारदरबारी लागली नाही. ती शारदा सदनात लागली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेली व पुढील वर्षी पुण्यास आलेली ही संस्था धर्माबाबत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. मुली स्वेच्छेने येतात, असे रमाबाईंचे म्हणणे. हा आश्वासनभंग आहे, असे ‘केसरी’चे. 1893 मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला.

अमेरिकेत रमाबाईंनी पाहिलेली ऐच्छिकता ही वर्गणी देणाऱ्या व न पटल्यास पंथ सोडून जाणाऱ्या प्रौढांची होती. बालविधवेला सदन सोडल्यास जाण्यास दुसरी जागा नव्हती. अन्न, वस्त्र आणि अक्षर ज्या व्यक्तीकडून मिळते, तिच्या उघड्या दाराचे आकर्षण निव्वळ ऐच्छिक मानणे कठीण आहे. शासनाच्या बाबतीत सत्तेचे हे रूप अचूक ओळखणाऱ्या रमाबाईंनी स्वतःच्या संस्थेत ते पुरेसे ओळखले नाही, असे म्हणावे लागते. अर्थात त्यांच्या विरोधकांची बाजूही निर्दोष नव्हती. त्यांनी रक्षिलेले स्वातंत्र्य पालकांचे होते; आणि यांतील अनेक मुलींच्या केशवपनाचा निर्णय याच पालकांनी घेतलेला होता.

पुढे भारतीय राज्यघटनेने या वादाला एक कायदेशीर उत्तर दिले. अनुच्छेद 28 (3) नुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेतील व्यक्तीला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. व्यक्ती अज्ञान असल्यास संमती पालकाची. शारदा सदन सरकारी अनुदानावर चालत नव्हते, तरी तत्त्व म्हणून पाहता घटनाकारांनी 1893 च्या वादातील पालकांचा कौल मान्य केला असे दिसते. उघड्या दारातून आत येऊन बसलेल्या मुलीला काय हवे होते, हे मात्र ‘केसरी’च्या स्तंभांनी विचारले नाही आणि या अनुच्छेदातही तिच्या मताला जागा नाही.