पेंढ्याचें अस्वल आणि शिमग्याची पालखी

शिमग्याच्या पालख्या एका मैदानावर आणाव्या, त्यांना क्रमांक द्यावे आणि हें सर्व शनिवार-रविवारीं उरकावें, म्हणजे पर्यटकांची सोय होईल, असा विचार कोंकणांत अलीकडे वारंवार ऐकूं येतो. गोव्यांत तर पर्यटन-खात्यानें शिगम्याच्या मिरवणुकी चित्ररथांसह व बक्षिसांसह शहरांत आणल्याच आहेत. हेतु वाईट नाहीं. पण विचारांत एक गोंधळ आहे, आणि तो उघड करण्यास एक इंग्रजी उदाहरण फार उपयोगी पडतें.

केंब्रिजशायर परगण्यांतील व्हिटल्सी गांवीं जानेवारींत, नांगराच्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशीं, एका माणसाला आपादमस्तक पेंढ्यांत गुंडाळून, दोरीनें बांधून दारोदार नेत. तें 'अस्वल' नाचलें कीं घरधनी पैसे, खाणें किंवा बिअर देई. फ्रेझरच्या 'गोल्डन बाऊ' या ग्रंथांत या चालीची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलिसांनीं ही भीक ठरवून मना केली. शिमग्याच्या पोस्तावर आमच्या सुधारकांनीं ओढलेले कोरडे येथें कोणालाही आठवतील! १९८० सालीं स्थानिक मंडळानें अस्वल पुन्हां उभें केलें. दूरदूरचीं नृत्यपथकें आलीं, शनिवारीं मिरवणूक निघूं लागली, रविवारीं पेंढ्याचा पोषाख जाळण्याचा प्रघात पडला. गांवाला आनंद मिळाला हें खरें. परंतु पूर्वीं अस्वल दारीं येई. नव्या उत्सवांत माणसें दार लावून अस्वलाकडे जाऊं लागलीं. तुटलेल्या धाग्याला गांठ मारावयाची तर ती अशीच बसते. व्हिटल्सीकरांना आम्ही दोष देत नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र धागा तुटलेलाच नाहीं. देवीचीं रूपें पालखींत बसतात, पालखी सहाणेवर येते, खांद्यावर नाचते आणि घरोघर जाते. अंगण सारवलेलें असतें, ओटी भरली जाते, मुंबईचा चाकरमानी त्यासाठींच रजा काढून आलेला असतो. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगुर असा खेळ्यांतला संकासुर पोरांना भिववीत ज्या दारीं येतो, त्या दाराचा धनी प्रेक्षक नसतो. खेळांतलें तेंही एक पात्र असतें. मैदानावर हें पात्र गळतें. परीक्षक नाचण्याला गुण देतील. ओटीला कोण देणार?

आम्ही जुन्याचे भाट नव्हे. दापोलीजवळचें मुरुड घ्या: पोफळींच्या वाड्यांचें, दुर्गादेवीच्या देवळाचें, आज पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनीं गजबजणारें. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला म्हणून याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या एकीमुळें पालखी दाराशीं थांबते, तीच एकी एखादें दार वगळूंही शकते. मानपानाचे तंटे कोंकणाला नवे नाहींत. मैदानावर मानकरी नसतो, कोणीही येऊन उभा राहतो, हा त्या योजनेचा खरा गुण. आणि तिच्या पुरस्कर्त्यांना नेमका तोच सांगण्याचें सुचत नाहीं. पण तो मिळविण्यास पालखी घरापासून तोडण्याचें कारण काय? तिच्या फेरींत कोणतीं घरें येतात, कोणतीं राहतात, कोणाच्या खांद्याला मज्जाव आहे, हें गांवकीच्या बैठकींत निघालें पाहिजे. ती बैठक कठीण. मंडप उभारणें सोपें. पाहुण्यांनीं अवश्य यावें, पण पालखी ज्या वारीं निघेल त्या वारीं. कोणी घरांत बोलावलें तर चपला बाहेर काढून आंत जावें.