लाइटनिंगचा पेपर वाचताना १३३ एमबीपाशी थांबा

ब्लॉकचेन स्केलिंग वाचायला घेतलं असेल, तर पून आणि ड्रायजा यांचा २०१६चा लाइटनिंग नेटवर्कचा पेपर तुमच्या नजरेखालून जाणारच. बरेच जण 'चेनबाहेर हवे तेवढे व्यवहार' एवढं टिपून घेतात आणि पुढे सरकतात. मीही आधी तेच केलं होतं.

कल्पना अशी: दोघांनी थोडे बिटकॉइन एका चॅनलमध्ये अडकवायचे, आपसातला हिशोब बाहेर ठेवायचा, चेनवर फक्त चॅनल उघडल्याची आणि बंद केल्याची नोंद करायची. दुकानातल्या वहीसारखंच, पण इथे उधारी नाही. पैसे आधी भरावे लागतात.

पेपरची सुरुवात दमदार आहे. व्हिसाचा सेकंदाला ४७,००० व्यवहारांचा उच्चांक बिटकॉइनवर गाठायचा, तर दर दहा मिनिटांना सुमारे ८ जीबीचा ब्लॉक लागेल (व्यवहार ३०० बाइट्सचा धरा, स्वतः गुणून बघा). म्हणजे नुसता ब्लॉक मोठा करून भागणार नाही. इथवर पटतं.

मग तो आकडा येतो. ७०० कोटी माणसांनी वर्षाला दोनच चॅनल उघडले, तरी १३३ एमबीचा ब्लॉक लागेल, असं लेखकच लिहितात. तेव्हा मर्यादा होती १ एमबी! आता उलटं गणित करा. व्यवहार ५०० बाइट्सचा, म्हणजे ब्लॉकमध्ये २,०००. वर्षाला ५२,५६० ब्लॉक, म्हणजे साडेदहा कोटी व्यवहार. माणशी दोन धरले तर सव्वापाच कोटी माणसं. ७०० कोटींच्या एक टक्काही नाही. २०१७च्या सेगविटने जागा वाढली, पण १३३च्या आसपासही नाही.

लेखकांनी हे लपवलेलं नाही. माझी हरकत त्या 'दोन'वर आहे. चॅनलमधली शिल्लक एकाच बाजूला गेली, किंवा समोरचा कायमचा ऑफलाइन झाला, तर? बंद करून नवं उघडायचं, म्हणजे पुन्हा चेनवर. आणि सगळे एकदमच बंद करायला धावले तर ब्लॉक भरतात, मुदती उलटतात आणि फसवणाऱ्याचं फावतं. हा सर्वांत मोठा धोका असू शकतो हेही पेपरमध्येच आहे, पण गोषवाऱ्यावर थांबणाऱ्याला ते दिसत नाही.

रोलअपच्या पेपरलाही हाच प्रश्न विचारा. मार्च २०२४पासून इथेरियमवर ब्लॉबची स्वस्त जागा आली खरी, पण तीही मोजकीच. सेकंदाला किती व्यवहार हे नंतर बघा. दर व्यवहारामागे चेनवर किती बाइट्स उरतात, ते आधी शोधा.