नभोवाणीवरील निवेदन : वाचाळता आणि श्रवण

नभोवाणी हे श्राव्य माध्यम आहे हे विधान आता इतके परिचित झाले आहे की, त्यातील एक अर्थ सहज नजरेआड होतो. बोलण्याचे काम निवेदकाचे व ऐकण्याचे काम श्रोत्याचे, अशी विभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. वस्तुतः निवेदकालाही ऐकावे लागते : पलीकडून बोलणाऱ्या माणसाचे, सुरू होणाऱ्या गीताचे आणि स्वतःच्या वाक्याचेही. संभाषणप्रधान कार्यक्रमांच्या निवेदकांविषयी आज जी नाराजी व्यक्त होते, तिचे कारण उच्चारदोषांत किंवा शब्दांच्या निवडीत शोधण्याकडे कल असतो. ते कारण त्याहून खोल आहे. निवेदकाने ऐकणे सोडले आहे, आणि त्याचे बहुतेक दोष ह्या एका दोषाची निरनिराळी रूपे आहेत, असे दाखविता येते.

मुंबई येथे 23 जुलै 1927 रोजी ध्वनिक्षेपणास नियमित प्रारंभ झाला, त्यानंतर दीर्घकाळ निवेदकाचे कार्य मर्यादित होते. पुढील कार्यक्रमाचे व कलावंताचे नाव स्पष्टपणे सांगून त्याने बाजूला व्हावयाचे असे. 2001 पासून भारतात खासगी एफ.एम. केंद्रे सुरू झाली आणि 2005 च्या दुसऱ्या टप्प्यातील धोरणानंतर ती नाशिकसारख्या शहरांतही आली. आकाशवाणी नाशिक केंद्राच्या 101.4 मेगाहर्ट्झपासून काटा थोडा सरकविला की, एक निराळाच निवेदक भेटू लागला. येथे निवेदक हाच कार्यक्रम झाला. गीते त्याच्या बोलण्यातील विसावे ठरली.

ह्या निवेदकाची पहिली लकब म्हणजे गीतावर बोलणे. गीताच्या आरंभीचे वाद्यवादन हा त्या रचनेचाच भाग होय. परंतु निवेदकाच्या लेखी ती केवळ भरावयाची रिकामी जागा असते. गायकाचा पहिला शब्द कानावर येईपर्यंत तो बोलत राहतो, आणि पुष्कळदा त्याचे अखेरचे अक्षर व गीताचे पहिले अक्षर एकमेकांवर आदळतात. दुसरी लकब म्हणजे ठरीव उद्गारांची पुनरुक्ती. येथे एक भेद करणे अवश्य आहे. पुनरुक्ती हा स्वतः दोष नाही. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'त अमीन सायानी यांचे 'बहनो और भाइयो' हे संबोधन वर्षानुवर्षे ऐकू येत असे आणि त्याचा कोणाला वीट आला नाही. त्या संबोधनामागून काहीतरी येत असे : गीताचा क्रमांक, त्याची माहिती, पुढील 'पायदान'विषयीची उत्सुकता. 'काय मग नाशिककर!' ह्या आजच्या हाकेमागून पुष्कळदा दुसरी हाकच येते. संबोधनाने जागृत केलेली अपेक्षा पुरी होत नाही, म्हणून ते संबोधन कानाला खुपते.

दूरध्वनीवरून होणाऱ्या संभाषणात हा दोष अधिक उघडा पडतो. निवेदक प्रश्न विचारतो, श्रोता दोन शब्द उच्चारतो, तोच निवेदकाचे 'अरे वा!' येते, त्याचेच हसू येते आणि उत्तरही तोच पुरे करतो. ह्याची परिसीमा म्हणजे खोट्या नावाने एखाद्यास दूरध्वनी करून त्याचा गोंधळ सर्वांना ऐकविणे. येथे श्रोता हा संवादातील सहभागी उरत नाही. तो करमणुकीचा विषय होतो.

सलगीचा प्रश्नही ह्याच्याशी निगडित आहे. मराठीत 'तू', 'तुम्ही' व 'आपण' ही तीन अंतरे आहेत आणि कोणते केव्हा वापरावे हे समोरच्या माणसाकडे पाहून ठरते. नभोवाणीवरील घरगुतीपणा नवा नाही. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' ह्या श्रुतिकामालेत पंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी हे अगदी घरगुती भाषेत बोलत. परंतु ती सलगी त्या पात्रांची परस्परांशी होती. श्रोता शेजारच्या खोलीतून ऐकावे तसे ऐकत असे व त्याचा मान अबाधित राही. आजचा निवेदक अनोळखी प्रौढासही पहिल्याच वाक्यात 'तू' म्हणतो. नाते जुळण्यापूर्वीच घेतलेली ही जवळीक आपुलकीऐवजी अनादराची भावना उत्पन्न करते.

हिंदी व इंग्रजी शब्दांच्या सरमिसळीवर सर्वाधिक टीका होते. शहरी बोलण्यात सरमिसळ असतेच. तिचा निषेध करून काही साधत नाही. विचारणीय गोष्ट वेगळी आहे. ही भाषा स्थानिक म्हणून सादर केली जाते, परंतु ती मुंबईच्या चित्रपटव्यवसायाची भाषा आहे. बागलाण-मालेगावची अहिराणी, सुरगाणा-पेठकडील कोकणा बोली, बाजार समितीच्या आवारातील कांदा-द्राक्षांच्या व्यवहाराची भाषा ह्यांचा तीत मागमूस नसतो. ज्याने नाशिकचे बोलणे ऐकलेले नाही, त्याला 'नाशिककर' ही हाक देऊन ती उणीव भरून काढता येत नाही.

ह्या दोषांचे खापर केवळ व्यक्तीवर फोडणे अन्यायाचे होईल. श्रोत्याचे बोट दुसऱ्या केंद्राकडे वळेल ह्या भीतीने क्षणभराची शांतताही धोक्याची मानली जाते. शिवाय 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने खासगी केंद्रांना आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी देण्याची मुभा दिली, स्वतःची वार्तापत्रे देण्याची नाही. ज्याला सतत बोलावयाचे आहे परंतु बातमी सांगावयाची नाही, त्याचे बोलणे पोकळ होणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच धोरणाने हवामान, वाहतूक, पाणी व वीजपुरवठा, परीक्षा, नैसर्गिक आपत्ती ह्या विषयांची माहिती बातमीबाहेरची मानून मोकळी ठेवली. तेव्हा विषयांचा दुष्काळ संपूर्ण नाही. 2017 च्या पावसाळ्यात मुंबईतील एका निवेदिकेने खड्ड्यांवर रचलेल्या विडंबनगीताने महापालिकेच्या वर्तुळात जी खळबळ उडविली, तिच्यावरून थट्टेच्या सुरातही आशय मावतो हे सिद्ध होते.

निवेदनाची खरी कसोटी अशा प्रसंगी लागते. समजा, गंगापूर धरणातून विसर्ग वाढविल्याची सूचना आली आहे. भांडी बाजार व सराफ बाजारातील दुकानदाराला विसर्ग किती क्युसेक, तो किती वाजता वाढविला आणि कोणता पूल बंद झाला, एवढेच हवे असते. गोदाकाठची जुनी पिढी पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यावरून, कमरेवरून, छातीवरून मोजते. त्या मोजमापात अनावश्यक शब्द नाही. हीच सूचना पार्श्वसंगीतावर, दिवसभर विनोदासाठी वापरलेल्या उत्साही सुरात आली, तर ऐकणाऱ्याचा कान तिला विनोदापासून वेगळे काढू शकत नाही. सर्वच वाक्ये सारख्या जोराने उच्चारणाऱ्यास महत्त्वाच्या वाक्यासाठी जोर शिल्लक राहत नाही. लकबी ही केवळ अभिरुचीची बाब आहे असे मानणाऱ्यांनी हा परिणाम विचारात घ्यावा.

जुने निवेदन निर्दोष होते असा ह्याचा अर्थ नव्हे. कागदावरून वाचल्याचे जाणवणारा स्वर, संस्कृतप्रचुर व लांबलचक वाक्ये, शोकवार्ता आणि पाककृती एकाच संथ लयीत सांगण्याची सवय, हे आकाशवाणीचे दोष होते. त्या निवेदकाचेही ऐकण्याकडे लक्ष नव्हते. फरक इतकाच की तो संहितेत गुंतला होता आणि आजचा स्वतःत गुंतला आहे.

मराठी भाषाभ्यासात वृत्तपत्रीय गद्याची चिकित्सा होते, निवेदनाची क्वचितच होते. स्थानिक केंद्रांवरील एका आठवड्याचे संभाषण ध्वनिमुद्रित करून निवेदकाने श्रोत्यास किती वेळा तोडले, प्रश्नानंतर किती अवकाश दिला, संबोधनामागून माहिती आली की नाही, ह्यांची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज घेता येईल. अशी नोंद हाती आल्यावर 'निवेदक फार बोलतात' ही तक्रार वैयक्तिक नापसंतीच्या पातळीवर राहणार नाही, आणि तिचे उत्तर केंद्रांकडे मागता येईल.