परकीं पक्वान्नें आणि आमची जीभ

ग्रंथपरीक्षणांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं ताटांतील पदार्थांविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या साहित्यशास्त्रानें आपला मुख्य शब्दच मुळीं स्वयंपाकघरांतून उचललेला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रसाची उपपत्ति सांगतांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टांत दिला. काव्याविषयीं बोलतांना पानाचा आधार घेतां येतो, तर पानाविषयीं बोलतांना काव्यपरीक्षणाचे निकष लावण्यास हरकत नसावी.

आमचें बिऱ्हाड मीरा रोडच्या पूर्वेस, सिल्व्हर पार्कच्या वस्तींत आहे. भाईंदरचीं मिठागरें आणि उत्तनच्या कोळ्यांची मासळी यांसाठीं ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशांत आज चिनी, थाई, जपानी, इटालियन आणि अरबी पदार्थ घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर मिळतात. लागोपाठ चार रविवारीं आम्ही सहकुटुंब या पदार्थांचा परामर्श घेतला. उपाहारगृहांचीं नांवें येथें मुद्दाम दिलीं नाहींत; कारण दोष एकाद्या दुकानाचा नसून रूढ झालेल्या रीतीचा आहे.

पहिल्याच रविवारीं आमच्या अधिकाराविषयीं प्रश्न निघाला. एका जपानी पदार्थाला आम्ही नांवें ठेवतांच आमची कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही कधीं जपानला गेलां आहांत का? मग हें चुकलें असें कशावरून म्हणतां?” प्रश्न रास्त होता, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें झालें नसतें. रशियन भाषेचें अक्षरही न येणारा वाचक टॉल्स्टॉयची कादंबरी भाषांतरांतून वाचतो. मूळाशीं ताडून पाहणें त्याच्या हातीं नसतें. परंतु समोरचें वाक्य जिवंत आहे कीं मेलेलें, हें त्याला कळतें. आमचा अधिकार तेवढाच. पदार्थ मूळासारखा आहे किंवा नाहीं हें जेथें आम्हांस ठाऊक नाहीं, तेथें आम्ही बोलणार नाहीं. तो नीट केलेला आहे किंवा नाहीं, हें मात्र बोलूं.

आरंभ मांचुरियनपासून करणें प्राप्त आहे. या पदार्थाचा मांचुरिया प्रांताशीं कांहीं संबंध नाहीं. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे पाकनिपुण नेल्सन वाँग यांनीं 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत तो प्रथम केला, असें सांगतात. आलें, लसूण आणि हिरवी मिरची ही आमच्याच फोडणीची त्रयी. फक्त गरम मसाल्याच्या जागीं सोया सॉस आणि मक्याचें पीठ आलें. म्हणजे नांव मांचुरियाचें, जन्म मुंबईचा! कित्येक मर्मज्ञ यावरून या पदार्थाची हेटाळणी करतात. आम्हांस ती पटत नाहीं. देवलांचें ‘झुंझारराव’ 1890 साली आलें. ऑथेल्लोचें तें रूपांतर आहे म्हणून कोणी त्याला हिणवीत नाहीं, कारण तें मराठी रंगभूमीवर स्वतःच्या पायांवर उभें राहिलें. मांचुरियनही तसाच उभा आहे. आमच्या पुढें आलेला कोरडा मांचुरियन खरोखर चांगला होता: बाहेरून कुरकुरीत, आंतून मऊ, लसणीचा वास स्पष्ट. रस्सा घातलेला मात्र मक्याच्या पिठानें इतका घट्ट झाला होता कीं, त्यानें पुस्तकाची बांधणी करतां आली असती.

परंतु ‘शेझवान’ या नांवाखालीं जें चाललें आहे त्यास रूपांतर म्हणतां येत नाहीं. चीनच्या नैर्ऋत्येकडील सिचुआन प्रांताच्या पाकशैलीचा विशेष म्हणजे तिखटाबरोबर जिभेस येणारी झिणझिणी. ती मिरचीची नव्हे. तेथील एका फळाच्या सालीची असते. मुंबईकडील शेझवान चटणींत लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि साखर असते. ती झिणझिणी नसते. दुःख याहून पुढचें आहे. त्या फळाचा सख्खा चुलतभाऊ आमच्या कोंकणांत आणि गोव्यांत पिकतो. तिरफळ तें हेंच! वनस्पतिशास्त्र दोघांस एकाच कुळांत, एकाच प्रजातींत बसवितें. बांगड्याच्या आमटींत तिरफळें ठेचून टाकणाऱ्या आमच्या आज्यांस सिचुआनचें हें मर्म ठाऊक होतें. शेझवान डोसा आवडीनें खाणाऱ्या त्यांच्या पणतवंडांस मात्र तें सांगावें लागतें. परक्याचें नांव घेतलें, त्याचा गुण घेतला नाहीं, आणि आपल्या घरचा तोच गुण विसरलों, असा हा तिहेरी तोटा आहे.

थाई हिरव्या रश्शाविषयीं आमचें मत मिश्र आहे. नारळाचें दूध, हिरवी मिरची, गवती चहा: यांत आम्हां कोंकणी मनुष्यांस अनोळखी असें फारसें कांहीं नाहीं. मूळ पदार्थाच्या थाई नांवांतच ‘गोड’ असा शब्द आहे, म्हणून थोड्या गोडव्याची तक्रार करणें अज्ञानाचें होईल. परंतु थायलंडांत या गोडव्यास आंबविलेल्या मासळीच्या खारट अर्काची जोड असते, आणि ती येथें गाळलेली होती. शाकाहारी गिऱ्हाईकांसाठीं ती गाळावी, हें समजूं शकतें. कोळंबी घातलेल्या रश्शांतूनही गाळण्याचें कारण समजत नाहीं. उत्तनच्या सुक्या बोंबलांचा वास ज्या गांवीं येतो, तेथील माणूस मासळीच्या वासास भिईल अशी कल्पना उपाहारगृहवाल्यानें कां करावी?

आतां तो जपानी पदार्थ. सुशीचा भात व्हिनेगरांत मुरविलेला आणि साधारणतः अंगाच्या उष्णतेइतका असावा, अशी रीत आहे. आमच्या पुढें आलेला थंडगार आणि टणक होता, व त्यावर तिखट मेयॉनेज व चीज यांचा जाड थर होता. चीज हा आज सर्व अपराधांवर घालण्याचा शेला झालेला आहे. पिझ्झ्यावर तें योग्यच. परंतु मोमोवर, डोशावर आणि सुशीवरही तेंच आल्यामुळें चार देशांचे पदार्थ मागवून आम्ही एकच चव चार वेळां खाल्ली. कन्येनें दुसरा घांस घेतला नाहीं, आणि वादही पुढें वाढविला नाहीं.

येमेनकडच्या मंदीनें आम्हांस सर्वांत अधिक समाधान दिलें. मोठ्या ताटांत भात, त्यावर सावकाश शिजविलेलें मांस, मसाला बेतानें. आमच्या जिभेची मनधरणी करण्याचा प्रयत्न त्यांत नव्हता, आणि म्हणूनच बहुधा ती वळली.

एक आक्षेप येथें येईल. परक्या पदार्थांची ही चर्चा कशाला, आपलें वरण-भात काय वाईट? या आक्षेपकांनीं आपल्या ताटाकडे पुन्हां पाहावें. मिरची, बटाटा आणि टोमॅटो तिन्ही मूळचीं अमेरिकेचीं. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द आम्हांस पोर्तुगीजांकडून मिळाले. चिमाजी अप्पांनीं 1739 साली वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पाव राहिला. वडापावास आज परका म्हणण्याची कोणाची छाती आहे? तेव्हां परकेपणा हा दोष नव्हे. दोष आहे तो न चाखतां उचलण्याचा. बटाटा आम्ही चाखला, त्याचा स्वभाव ओळखला, आणि मग त्याची भाजी केली. सुशीच्या बाबतींत आम्ही तिचें चित्र पाहिलें, एवढेंच.

उपाहारगृहवाल्यांस आमची सूचना एवढीच कीं, पदार्थांची यादी निम्मी करावी. एकाच भटारखान्यांतून चार देशांचे शंभर पदार्थ निघूं लागले कीं त्यांचा रस्सा एकच असणार, हें सांगावयास पंडित नको. आणि खाणाऱ्यांनीं न आवडलेला पदार्थ न आवडल्याचें मोकळेपणानें सांगावें. महाग आणि परदेशी असल्यामुळें तो चांगलाच असला पाहिजे, आणि न आवडणें हा आपल्या संस्काराचा उणेपणा, अशी एक भीति मध्यमवर्गांत वाढत आहे. इंग्रजी पुस्तकें न समजतां त्यांची वाहवा करणाऱ्या आमच्याच पिढीची ती भीति आहे, आणि ती पुढच्या पिढीस वारशानें देऊं नये.

चवथ्या रविवारीं रात्रीं घरींच बांगडे केले. तिरफळें गांवाहून आलेलीं होतीं. कन्येनें पहिला घांस घेतला आणि जिभेस झिणझिण्या येतात अशी तक्रार केली. पुढें तिनें भात दोनदां मागून घेतला.