गुर्स्कीची उंची आणि उसाचा पट्टा

आंद्रेआस गुर्स्की या जर्मन प्रकाशचित्रकाराची सिंहावलोकनी प्रदर्शने, म्हणजे कलावंताची अनेक दशकांची निर्मिती एकत्र मांडणारी प्रदर्शने, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २००१ मध्ये, लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०१८ मध्ये आणि जन्मगाव लाइपझिग येथे २०२१ मध्ये भरली, तरी त्याच्याविषयीची चर्चा फिरून फिरून चित्रांच्या आकाराशी आणि किमतीशीच येऊन थांबते. ‘ऱ्हाइन २’ हे चित्र २०११ च्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांना विकले गेले एवढेच सांगितले जाते. त्यातून वीजकेंद्र आणि कुत्रे फिरवणारी माणसे संगणकावर पुसून काढली आहेत, हा कलेच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग मागे पडतो. महाराष्ट्रात या प्रसिद्धीचा परिणाम अधिक चिंताजनक आहे. ड्रोन स्वस्त झाल्यापासून उंचावरून टिपलेला, माणसांचे ठिपके करून टाकणारा देखावा हाच समकालीन प्रकाशचित्रणाचा आदर्श मानला जाऊ लागला असून, वारीतली रिंगणे आणि धरणांचे सांडवे यांच्या एकसारख्या चित्रांनी प्रदर्शने आणि दिनदर्शिका भरून गेल्या आहेत.

या नकलेचा दोष गुर्स्कीकडे जात नाही. ‘बेलिट्झ’ (२००७) या चित्रात अ‍ॅस्परॅगस या भाजीचे शेत हवेतून दिसते, परंतु सरळ पट्ट्यांच्या त्या नक्षीजवळ गेले की ओळींमध्ये काढणी करणारे हंगामी मजूर एकेक करून वेगळे होतात. ‘हाम, बेर्गवेर्क ओस्ट’ (२००८) मध्ये कोळसा खाणीतील कामगारांचे कपडे साखळ्यांनी छताला टांगलेले आहेत, आणि त्या दाटीतही प्रत्येक गाठोड्याची लोंबण निराळी राहते. ही नजर हेलिकॉप्टरने दिलेली नाही. ती ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत, बेर्न्ट आणि हिला बेखर या दांपत्याच्या शिकवणीत घडली.

बेखर दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे लोखंडी मनोरे आणि वायूच्या टाक्या यांची चित्रे मोठ्या प्लेट कॅमेऱ्याने घेतली. सावल्यांनी घाट बिघडू नये म्हणून ढगाळ आभाळ, रेषा तिरक्या होऊ नयेत म्हणून वस्तूच्या साधारण निम्म्या उंचीवर लावलेला कॅमेरा, आणि नंतर एकाच जातीच्या नऊ, बारा किंवा पंधरा वस्तूंची चौकटीत मांडणी, अशी त्यांची रीत होती. या मांडणीला टायपॉलॉजी, म्हणजे प्रकारमाला, म्हणतात. एक टाकी पाहून काहीच कळत नाही. पंधरा पाहिल्यावर प्रत्येक गवंड्याने आणि अभियंत्याने केलेला निर्णय दिसू लागतो. १९९० च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले, यावरून या चित्रांनी वस्तूचे घनत्व किती पकडले होते ते समजते. त्याहून मोलाची गोष्ट डॉर्टमुंडची आहे: तेथील त्सोलेर्न खाणीचे यंत्रगृह पाडले जाणार असता ज्यांनी आवाज उठवला त्यांत बेखर होते, आणि १९६९ मध्ये ती इमारत संरक्षित वास्तू ठरली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलेले त्यांचे सिंहावलोकन म्हणूनच गुर्स्कीच्या प्रदर्शनांपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगे आहे. त्याच वर्गातून निघालेल्या थॉमस रुफने इंटरनेटवरून उचलून फुगवलेल्या प्रतिमांत कल्पना आहे, निरीक्षण नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे लोक या कलेत आरंभापासून होते; इतक्या जुन्या परंपरेत मालिका म्हणून उभे राहिलेले काम मात्र विरळ आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षे केलेले काम हा ठळक अपवाद. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) आणि ‘पहावा विठ्ठल’ (२०११) या पुस्तकांनी हवाई दृष्टी लोकप्रिय केली. किल्ल्यांबाबत ती फलदायी ठरली, कारण तटबंदीची आखणी वरून उलगडते, पण वारीत चालणाऱ्याचा चेहरा त्या उंचीवरून मिळत नाही.

कोपरगावचा ऊसपट्टा ही हवाई देखावा की प्रकारमाला या वादाची कसोटी आहे. गोदावरीच्या कालव्यांवर वाढलेल्या या एकाच तालुक्यात साकरवाडीचा खासगी कारखाना आणि कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील सहकारी कारखाने उभे राहिले, म्हणजे साखर उद्योगाच्या दोन्ही वाटा येथे शेजारी शेजारी पाहता येतात. धुराडी, ऊस टाकण्याच्या गव्हाणी, वजनकाटे, मळीच्या टाक्या, कालव्याची दारे आणि ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ही प्रकारमालेसाठी आयती सामग्री आहे. छापून येते ते मात्र बॉयलर अग्निप्रदीपनाचे किंवा मोळी टाकण्याचे चित्र, ज्यात पाहुण्यांच्या गर्दीने गव्हाण झाकलेली असते. यंत्रे बदलली, जुनी भट्टी भंगारात गेली, की सहकाराच्या इतिहासाजवळ भाषणे आणि ताळेबंद उरतात. ती भट्टी कशी बांधली होती हे पुढच्या पिढीला कोणी दाखवू शकणार नाही.

माणसाविना घेतलेली चित्रे म्हणजे मजुराकडे पाठ फिरवणे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला उत्तर जर्मनीतच आहे. प्रकाशचित्रकार ऑगस्ट झांडरने शेतकरी, गवंडी, बेकार अशा सर्व थरांतील लोकांना समोर उभे करून सारख्याच गांभीर्याने टिपले, आणि बेखरांनी तीच शिस्त इमारतींना लावली. कोयता घेतलेली जोडी आणि कारखान्याचे धुराडे एकाच मालिकेत येऊ शकतात, नव्हे आलेच पाहिजेत. दहा-पंधरा वर्षे चालणारे असे काम हौसेवर होत नाही. ज्या कारखान्यांनी शाळा आणि महाविद्यालये उभी केली त्यांना एका प्रकाशचित्रकाराचा खर्च जड नाही, आणि राज्याच्या संग्रहालयांनी तो संग्रह सांभाळण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आरंभ कोप्यांपासून करावा लागेल, कारण धुराडे पुढच्या वर्षीही उभे असते, तर कोपी हंगाम संपताच मोडली जाते.